यशवंतरावांची वकिली: सनदेचा ठसा मंत्रिपदावर किती?

तळटीप (धागाकर्ता)

यशवंतराव चव्हाणांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात ते महाराष्ट्राचे शिल्पकार असतात, साहित्याचे रसिक असतात, हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री तर असतातच. वकील मात्र क्वचितच असतात. वास्तविक १९४१ साली पुण्यातून एलएल.बी. होऊन त्यांनी कराडला वकिली सुरू केली होती. सनद मिळून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच बेचाळीसचे आंदोलन आले, भूमिगत व्हावे लागले, तुरुंग झाला आणि १९४६ साली ते विधानसभेवर निवडून आल्यावर कराडचे न्यायालय कायमचेच सुटले. त्यानंतर संसदीय चिटणीस, १९५२ पासून मोरारजींच्या मंत्रिमंडळात मंत्री, १९५६ पासून मुख्यमंत्री, आणि २१ नोव्हेंबर १९६२ पासून मार्च १९७७ पर्यंत केंद्रात सलग संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र. म्हणजे केंद्रातच सव्वाचौदा वर्षे, शिवाय १९७९ मधले काही महिने उपपंतप्रधानपद.

माझा प्रश्न असा की, इतक्या थोड्या वकिलीचा इतक्या दीर्घ मंत्रिपदावर काही ठसा दिसतो का? मला तो दिसतो. समोरच्या पक्षाची बाजू आपल्या बाजूइतकीच नीट वाचण्याची सवय हे मला त्यांच्या कारभाराचे मर्म वाटते. त्यांच्यावर आयुष्यभर झालेला 'कुंपणावरचे' हा आरोपही त्याच सवयीतून निघाला असावा, असेही वाटते. सदस्यांनी आपली मते द्यावीत. केवळ गौरव किंवा केवळ निंदा नको.

बाररूम

तालुक्याच्या न्यायालयात एकतीस वर्षे काढलेला माणूस म्हणून लिहितो. वकिली किती वर्षे केली, हा प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी पहिल्या दोन वर्षांत नवशिक्याला काम असे मिळतच नाही. ज्येष्ठांच्या मागे बसून उलटतपासणी ऐकायची, वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची कैफियत शेजारी ठेवून वाचायची, आणि ज्येष्ठ दुसऱ्या कोर्टात अडकले की उभे राहून तारीख मागायची. माझ्या मते या धंद्याचे खरे शिक्षण त्या दोन वर्षांतच होते, पुढची वर्षे फीचा हिशेब ठेवण्यात जातात. पक्षकाराने सांगितलेली हकीकत अर्धीच असते, उरलेली अर्धी समोरच्या वकिलाच्या फायलीत असते, हे एकदा अंगी बाणले की माणूस सभेतही ऐकू लागतो. यशवंतरावांविषयी जुनी माणसे सांगत की ते बोलण्यापेक्षा ऐकून घेत जास्त. ते या शिक्षणाशी जुळते.

तारीख मागण्याची विद्याही त्यांनी दिल्लीत पुष्कळ वापरली, असे त्यांचे विरोधक म्हणतील. तो मुद्दा मी विरोधकांसाठी सोडतो.

येरळाकाठ

धागाकर्त्यांशी आणि बाररूम यांच्याशी आदरपूर्वक असहमत. माझे आजोळ देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतरावांच्या जन्मगावाच्या परिसरातले, त्यामुळे ही माहिती आमच्याकडे घराघरात असते. यशवंतरावांच्या घरात कायदा १९४१ साली आला नाही. तो त्याआधीच, दुसऱ्या टोकाने आला होता. त्यांचे वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. समन्स बजावणे, जप्तीला जाणे, दारात उभे राहून पुकारा करणे ही त्यांची नोकरी. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा यशवंतराव चार-पाच वर्षांचे होते आणि विठाबाईंनी मुले अत्यंत हलाखीत वाढवली. वकिलाला कायदा कलमांमध्ये दिसतो. बेलिफाला तो कर्जदाराच्या ओसरीवर, भांडीकुंडी बाहेर काढताना दिसतो. कुळकायदा, कमाल जमीनधारणा, शिक्षणाच्या सवलती यांच्या मुळाशी मला ही ओसरी दिसते, कराडची बाररूम नव्हे. (सदस्यनामावर टीका नाही.)

शिवाय १९३२ साली झालेली अठरा महिन्यांची शिक्षा विसरू नये. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगातले वाचन, तिथल्या चर्चा आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण, या सगळ्यानंतर एलएल.बी. झाली. घडलेल्या माणसाने सनद घेतली, इतकेच.

खडीचा_रस्ता

बेलिफाचा मुलगा देशाचा गृहमंत्री झाला, म्हणजे पुकारा करणाऱ्यांच्या घरातच शेवटी वॉरंट काढण्याचा अधिकार आला. याहून चांगली बढती सरकारी नोकरीत ऐकलेली नाही.

वसुधा_क

येरळाकाठ यांनी सवलतींचा उल्लेख केला म्हणून लिहिते. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी, म्हणजे ई.बी.सी., ही यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. माझे वडील आणि दोन काका तिच्यावर शिकले. वडील सांगत की दाखल्यासाठी तलाठ्याकडे तीन हेलपाटे झाले, पण दाखला हातात आल्यावर कॉलेजच्या कारकुनाने एक शब्द विचारला नाही, कारण नियमात जातीचा, धर्माचा, शिफारसीचा प्रश्नच नव्हता. एकच आकडा होता. हे वकिली डोके आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. मात्र नियम इतका साधा ठेवणे की तो मोडायला फट उरू नये, हे लिहिणाऱ्याचे कौशल्य आहे.

याच काळात महार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनांविषयीचे विधेयक १९२८ साली मांडले होते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना राज्याच्या सवलती चालू ठेवण्याचा निर्णयही यशवंतरावांच्याच सरकारचा. केंद्राला तोच निर्णय घ्यायला १९९० उजाडावे लागले.

मसुदा

मी मंत्रालयात विधी विभागाच्या जवळपास नोकरी केली, म्हणून माझी नजर साहजिकच अधिनियमांकडे जाते. त्यांच्या वकिलीचा पुरावा हवा असेल तर तो भाषणांत शोधू नये. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमात शोधावा. पंचायत राज्याचा विचार करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवर, म्हणजे गटावर, भर दिला होता. महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली आणि जिल्हा हा मुख्य घटक धरला. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवले, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सनदी अधिकारी बसवला. १ मे १९६२ पासून हा कारभार सुरू झाला.

या रचनेत प्रत्येकाला अधिकार आहेत आणि प्रत्येकावर दुसऱ्याची नजर आहे. अध्यक्षाला मान आहे पण सही अधिकाऱ्याची आहे. अधिकारी बलवान आहे पण ठराव सभेचा लागतो. दोन पक्षांमध्ये करारनामा लिहून देणाऱ्या माणसाची ही पद्धत आहे. गंमत म्हणजे नाईकही वकीलच, पुसदचे. तेव्हा श्रेय एकट्या यशवंतरावांना देता येणार नाही. परंतु मुख्यमंत्र्याला असा मसुदा समजावा लागतो, आणि आपल्या आमदारांचे हात त्यातून बाहेर ठेवायला धैर्यही लागते.

काळा_घोडा

इथे सगळे सौम्य चालले आहे म्हणून विरोधी सूर लावतो. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाल्यास आपण नेहरूंच्या बाजूने, अशी भूमिका जाहीरपणे घेणारे हेच गृहस्थ. त्या काळच्या सभांतून त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटले गेले ते उगाच नव्हे. १९५७ च्या निवडणुकीत कराडसारख्या घरच्या मतदारसंघात ते थोडक्या मतांनी वाचले. शंभराहून अधिक हुतात्मे झाले, संयुक्त महाराष्ट्र समितीने निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडला, आणि मग १ मे १९६० चा मंगल कलश मात्र यांच्या हातात. 'दोन्ही बाजू वाचण्याची सवय' हे गोंडस वर्णन आहे. दोन्ही बाजूंकडून फी घेणाऱ्या वकिलाला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

बाररूम

काळा_घोडा, तो शब्द माहीत आहे, आणि तसे करणाऱ्याची सनद जाते हेही माहीत आहे. पण आपले उदाहरण जरा उलटून पाहावे. द्विभाषिकाचा, म्हणजे मराठी-गुजराती एकत्र मुंबई राज्याचा, मुख्यमंत्री हा द्विभाषिकाचा वकील. त्याने ते राज्य तीन वर्षे प्रामाणिकपणे चालवले, प्रतापगडावर ३० नोव्हेंबर १९५७ रोजी समितीच्या प्रचंड निदर्शनांत नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याच्या अनावरणाचा कार्यक्रम पार पाडला, आणि मग त्याच नेहरूंना पटवले की ही रचना लोकांच्या मनात उतरत नाही. रस्त्यावरच्या माणसाने हे म्हटले तर तो हट्ट ठरतो. ज्याने बाजू लढवली त्यानेच ती टिकणार नाही असे सांगितले तर न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकतो. आंदोलनाशिवाय काहीच झाले नसते, हे मान्य. दिल्लीत मात्र ते आंदोलन कोणीतरी भाषांतरित करून सांगावे लागले.

काळा_घोडा

भाषांतरकाराचा पुतळा मूळ लेखकापेक्षा उंच असू नये, एवढेच माझे म्हणणे. बाकी पटले.

रुपया_आणे_पै

अर्थमंत्रिपदाविषयी कोणी बोलत नाही, कारण तो काळ कोणालाच आवडत नाही. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४: बांगलादेश निर्वासित, युद्ध, दुष्काळ, तेलाचा भडका. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पाला ५५० कोटींच्या तुटीमुळे 'काळा अर्थसंकल्प' हे नाव पडले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच काळातले.

पण धाग्याच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट प्राप्तिकराची आहे. सर्वांत वरच्या टप्प्यावर ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५ टक्के. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याकडे. हा दर याच अर्थमंत्र्यांच्या काळात गाठला गेला. दरम्यान माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने सांगितले की इतका दर असेल तर लोक कर चुकवणारच, तो ७५ टक्क्यांवर आणा. १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात यशवंतरावांनी तो ७७ वर आणला. समाजवादी घोषणांच्या ऐन भरात, स्वतःच्या पूर्वीच्या भूमिकेच्या विरुद्ध, पुरावा पाहून दर खाली आणणे हे मला वकिलीपेक्षा न्यायाधीशाच्या वृत्तीचे वाटते. समितीचा अहवाल हाती येऊनही दोन अर्थसंकल्प जाऊ दिले, हे मात्र वर म्हटलेले 'तारीख मागणे' असावे.

निशाण

'सगळे तोलून, उशिरा' हे चित्र रंगवण्याआधी १ सप्टेंबर १९६५ आठवावा. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, सैन्याने हवाई दलाची मदत मागितली. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांपुढे आले तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक बोलावून टिपण फिरवायला वेळ होता कुठे? यशवंतरावांनी तिथल्या तिथे संमती दिली आणि तासाभरात विमाने उडाली. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली. म्हणजे निर्णयाची किंमतही लगेच समोर आली. बासष्टच्या युद्धात लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काही मिनिटांचे वजन कळते.

याउलट बासष्टच्या पराभवाच्या हेंडरसन ब्रुक्स चौकशीविषयीचे २ सप्टेंबर १९६३ चे त्यांचे लोकसभेतले निवेदन अस्सल वकिली आहे. अहवाल उघड केला नाही, व्यक्तींवर बोट ठेवले नाही, तरी प्रशिक्षण, साहित्य, कमांडची पद्धत यांतल्या उणिवा सभागृहाला सांगितल्या. कोणते कागद दाखल करायचे आणि कोणते फक्त वाचून दाखवायचे, हे त्यांना नेमके कळत होते.

वसुधा_क

निशाण यांच्या प्रतिसादामुळे धागाकर्त्यांचे सूत्र जरा डळमळते, असे नाही का वाटत? रणगाड्यांपुढे 'दुसरी बाजू' ऐकावी लागत नाही, म्हणून ते चटकन ठरवू शकले का?

तळटीप

वसुधाताई, बरोबर पकडलेत. मलाही तसेच वाटू लागले आहे. शत्रू समोर असला की हे गृहस्थ क्षणात निर्णय घेतात; वाद आपल्याच माणसांत असला की ते दोन्ही कैफियती घेऊन बसतात. १९६९ चा काँग्रेसच्या फुटीचा प्रसंग तोच. संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी संजीव रेड्डींना मत दिले, म्हणजे इंदिराजींच्या विरुद्ध. आणि पक्ष प्रत्यक्ष दुभंगला तेव्हा ते इंदिराजींबरोबर राहिले.

मसुदा

पक्षफुटीचा विषय निघालाच आहे तर या कारकिर्दीतले सर्वांत विलक्षण प्रकरण सांगतो, कारण त्याची आठवण फारच थोड्यांना असते.

१९६७ च्या निवडणुकांनंतर राज्याराज्यांत आमदारांच्या उड्या सुरू झाल्या आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द जन्मला. लोकसभेच्या ठरावानुसार पक्षांतरावर समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. सदस्यांत जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड, दप्तरी अशी मंडळी. म्हणजे देशातले अव्वल कायदेपंडित एका मेजाभोवती आणि प्रमुखपदी कराडचा दोन वर्षांचा वकील. १९६९ साली आलेल्या शिफारशी आजही वाचाव्यात अशा आहेत: पक्षांतर करणाऱ्याला एक वर्षपर्यंत, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये, आणि मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सुमारे दशांशाइतका असावा. रोगाचे निदान अचूक होते. माणूस तत्त्वासाठी उडी मारत नाही, खुर्चीसाठी मारतो. म्हणून खुर्चीच काढून घ्या.

यातले तेव्हा काहीच अमलात आले नाही. १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती यशवंतरावांच्या निधनानंतर दोन-तीन महिन्यांतच झाली, पण तिने मंत्रिपदाच्या मुद्द्याला हात लावला नाही. फुटिराला मंत्रिपद नाही आणि मंत्रिमंडळ पंधरा टक्क्यांच्या आत, हे २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने आले.

आता विरोधाभास पाहा. या समितीचा अध्यक्ष १९७८ साली इंदिरा गांधींपासून वेगळा होतो. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेता म्हणून तोच मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव आणतो, म्हणजे ज्यांच्या हाताखाली संसदीय चिटणीस आणि मंत्री म्हणून उमेदवारी केली त्यांच्यावरच. सरकार पडते ते जनता पक्षातल्या फुटीने. राष्ट्रपती आधी यशवंतरावांनाच सरकार बनवता येते का ते पाहायला सांगतात. ते जमत नाही, आणि मग त्याच फुटलेल्या गटाच्या चरणसिंग सरकारात ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री होतात. १९८० साली साताऱ्यातून इंदिरा लाटेविरुद्ध निवडून येतात, आणि १९८१ साली इंदिरा काँग्रेसमध्ये परततात. आपल्याच अहवालाच्या कसोटीवर अध्यक्ष महोदय कुठे बसले असते, हा प्रश्न मी कार्यालयात एकदा सहज विचारला होता. साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

खडीचा_रस्ता

वकिलाने मागच्या खटल्यात मांडलेला मुद्दा पुढच्या खटल्यात त्याला बांधील नसतो. हा न्याय पुढाऱ्यांनाही लागू करावा, अशी शिफारस समितीने करून ठेवायला हवी होती.

येरळाकाठ

मसुदा यांनी मांडलेला क्रम खरा आहे, तरी एक भेद करावा. १९७८ मध्ये ते इंदिराजींपासून वेगळे झाले ते सत्तेसाठी नव्हे. तेव्हा इंदिराजी आणि ते दोघेही विरोधातच होते. १९८१ च्या परतण्याविषयी मात्र आमच्या भागातही लोक गप्प बसतात. त्यांना लगेच प्रवेश मिळाला नाही, दाराशी थांबावे लागले, याचे दुःख मतदारांना जास्त झाले.

रुपया_आणे_पै

परतल्यावर मिळाले ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. केंद्र आणि राज्ये यांच्यात पैशाची वाटणी करणारे, निम्मे न्यायिक स्वरूपाचे काम. मंत्रिपद नाही. मला वाटते, स्वभावाला शोभेसे काम त्यांना अगदी शेवटी मिळाले.

काळा_घोडा

आणीबाणीवर अजून एक अक्षर नाही, म्हणून मी पुन्हा आलो. २६ जून १९७५ च्या पहाटे मंत्रिमंडळाला आणीबाणी झाल्यावर सांगण्यात आले. परराष्ट्रमंत्री यशवंतराव तिथे होते. घोषणापत्रावर राष्ट्रपतींची सही आधीच झालेली होती. मंत्रिमंडळाच्या निर्णयाशिवाय ती कशी झाली, हा प्रश्न एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारेल. त्यांनी विचारला नाही. बेचाळीसला भूमिगत झालेल्या आणि अठरा महिने तुरुंगात काढलेल्या माणसाने विनाचौकशी स्थानबद्धता पाहून गप्प बसावे, याचे समर्थन दोन्ही बाजू वाचण्याच्या सवयीने कसे करणार? त्या दिवशी दुसरी बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतेच. ती मांडणे हेच वकिलाचे काम होते.

बाररूम

याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या काळात आमच्या बाररूममधल्याही बहुतेकांनी विचारले नव्हते; पण आम्ही मंत्री नव्हतो.

निशाण

काळा_घोडा यांच्याशी या एका मुद्द्यावर पूर्ण सहमत. १९६५ ची निर्णयशक्ती मीच वर सांगितली, त्यामुळे १९७५ ची गप्प राहण्याची वृत्ती स्वभावाच्या खात्यावर टाकता येत नाही.

तळटीप

सर्वांचे आभार. माझे मूळ विधान आता थोडे बदलून मांडतो. सनदेचा ठसा आहे, परंतु तो कायदा लिहिताना आणि तडजोड घडवताना दिसतो. सत्तेला अडवण्याच्या वेळी दिसत नाही. येरळाकाठ यांनी सांगितलेला बेलिफाचा मुद्दा माझ्या टिपणात नव्हता. तो आधी सुचला असता तर धागा निराळ्या प्रश्नाने सुरू केला असता. अडचण अशी की यावर खुद्द त्यांची साक्ष मिळत नाही. १९६५ च्या युद्धाच्या रोजनिशीच्या आधारे त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी लिहिले, म्हणून तेवढा काळ उजेडात आला. आत्मचरित्राचा एकच खंड झाला आणि तो १९४६ पाशी, कराड सोडून मुंबईला निघताना थांबतो. पुढचे खंड लिहायचे राहिले. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते स्वतः.

येरळाकाठ

त्यांची ग्रंथसंपदा कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात ठेवलेली आहे. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा कपाटांतून कायद्याची पुस्तके किती आणि कवितेची किती ते पाहून येतो. बाररूमकाका, सोबत येणार असाल तर कळवा. प्रीतिसंगमावर भेळ माझ्याकडून.

बाररूम

त्या आठवड्यात दोन पुरावे आहेत. तारीख मागतो.